सोमवारची चाचणी

आदरणीय अध्यक्ष, आपल्या धुलाई कारखान्याचे व्यवस्थापक साहेब. प्रमुख पाहुणे, तंत्रशाळेचे प्राचार्य सर. आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती मिस्त्रीमामा आणि त्यांच्याशेजारी अवघडून बसलेल्या काकू. इस्त्री विभागातल्या ताई, बॉयलरघरातले सहकारी आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी उभे असलेले सर्वजण, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी बजावलं आहे, "मॅडम, आकडे नकोत. दोन आठवणी सांगा आणि बसा." मी आठवणीच सांगणार आहे. फक्त माइक स्टँडवरच राहू द्या. मला हातात कागद धरायचा आहे.

पहिली आठवण मामांच्या नोंदवहीची. या भाषणासाठी मी बॉयलरघरातल्या एकतीस वर्षांच्या वह्या चाळल्या. एका पानावर आहे, "मी पाना हरवला." खाली दुसऱ्या शाईत, "मीच शोधला. माझ्याच खिशात होता." हसा, काकूसुद्धा हसताहेत. आणखी एक ऐका. "मी दुपारी दहा मिनिटं झोपलो. दाब ठीक होता." स्वतःविरुद्ध अशी नोंद कोण करतं हो?

मी इथली अभियंता, माझे अहवाल असे नसतात. "दाब मोजण्यात आला. गळती आढळून आली." आम्हाला महाविद्यालयात शिकवलं होतं की तांत्रिक अहवालात ‘मी’ नसतो. काही ठिकाणी ते योग्यच आहे. ‘चादरी ऐंशी अंशांवर धुतल्या जातात’ असं मी लिहिते, तेव्हा वाचणाऱ्या रुग्णालयाला धुणाऱ्याचं नाव नको असतं, तापमान हवं असतं. व्याकरणवाले याला कर्तरी, कर्मणी आणि आणखी काय काय म्हणतील. माझी विभागणी सोपी आहे. काही वाक्यांत माणूस असतो, काहींत नसतो. कोणतं वाक्य कुठे वापरायचं, ते मला कळतं अशी माझी समजूत होती. या मंगळवारपर्यंत होती.

मंगळवारी मला मामांच्या नेमणुकीची तारीख हवी होती, म्हणून मी आस्थापना विभागात त्यांची सेवापुस्तिका उघडली. त्यात चार वर्षांपूर्वीचा एक प्रतिकूल शेरा आहे. "सुरक्षा झडपेच्या चाचणीत निष्काळजीपणा. फोरमनपदासाठी विचार करू नये." आणि खाली संदर्भ म्हणून माझ्या अहवालाचा क्रमांक.

मी कारकुनांना विचारलं, "हे कशावरून लिहिलं?"

"तुमच्याच अहवालावरून की, मॅडम!"

"मी त्यात मामांचं नाव घातलेलं नाही."

"नाव कुणाचंच नव्हतं. मग आम्ही विचारलं, झडप कोण बघतं? सगळे म्हणाले, मिस्त्री बघतात. बसवलं नाव."

नवीन लोकांसाठी सांगते. चार वर्षांपूर्वी इस्त्रीच्या मोठ्या रुळावरची, जादा वाफ बाहेर सोडणारी सुरक्षा झडप अडकली. वाफ सांध्यातून बाहेर आली आणि एका ताईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. चौकशीचा अहवाल मी लिहिला. त्यातलं वाक्य असं होतं: "सुरक्षा झडपेची साप्ताहिक चाचणी घेण्यात आली नव्हती."

वाक्यात एकही शब्द खोटा नाही. पण त्या अपघाताच्या पंधरा दिवस आधी ती चाचणी मामांकडून काढून माझ्याकडे दिली होती. आदेशाचा कागद फक्त बॉयलरघराच्या भिंतीवर लागला होता, आस्थापना विभागापर्यंत पोचला नव्हता. चाचणी दर सोमवारी असते; त्या सोमवारी मी नवं दाबमापक बसवण्यात गुंतले होते. चाचणी उद्या घेऊ, म्हटलं. झडप दुसऱ्याच दिवशी सकाळी अडकली.

आस्थापना विभागातून मी तडक बॉयलरघरात गेले.

"मामा, तुमच्या पुस्तिकेतला शेरा तुम्हाला ठाऊक होता?"

"होता की."

"मग बोलला का नाहीत?"

ते पाना पुसत होते. म्हणाले, "काय बोलायचं, मॅडम? मला वाटलं, तुम्ही विचार करूनच लिहिलंत. शिकलेलं माणूस वाक्य असंच अर्धवट सोडत नाही."

मी म्हटलं, "पण त्यानंतर चार वर्षं, दर सोमवारी, चाचणीच्या वेळी तुम्ही माझ्या सोबतीला येत होतात."

"सोबतीला नाही, पोरी. लक्ष ठेवायला. पुन्हा कुणाचा हात भाजायला नको."

पोरी असं ते मला पहिल्यांदाच म्हणाले. आणि मी चार वर्षं घरी सांगत होते की आमचे मामा किती मायाळू आहेत, मला एकटीला सोडत नाहीत.

आपण विचाराल, तू मुद्दाम लपवलंस का? मंगळवारपर्यंत मी ठामपणे नाही म्हटलं असतं. मग घरी जाऊन मी जुना मसुदा काढला. त्यात ‘मी’ आहे. अहवालाच्या शैलीत बसत नाही म्हणून मी तो शब्द खोडला. आणि खोडल्यावर मला हलकं वाटलं होतं. शैली सुधारल्यावर माणसाला इतकं हलकं वाटत नाही. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येते, कारण घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. प्राचार्य सरांना मामा तंत्रशाळेत शिकवायला हवे आहेत. त्यांची अट एकच आहे, सेवेचा दाखला स्वच्छ हवा. दाखला पुष्पगुच्छाशेजारच्या त्या पाकिटात आहे. त्यात हा शेरा जसाच्या तसा उतरवलेला आहे. मी बुधवारी दुरुस्तीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "समारंभ होऊन जाऊ द्या, सोमवारी बघू." साहेब, मामांची पुस्तिका आज पाच वाजता बंद होते, मग तीत दुरुस्ती होत नाही. सोमवारी ते आपले कर्मचारी नसतील.

म्हणून अर्जातली तीन वाक्यं मी इथे सर्वांसमोर वाचते. "त्या सोमवारी झडपेची चाचणी मी घेतली नाही. ते काम माझं होतं, मिस्त्रींचं नव्हतं. अहवालातून माझा उल्लेख मी स्वतः काढला." खाली माझी सही आहे.

अध्यक्ष महाशय, माझी विनंती आहे की ते पाकीट मामांच्या हातात देऊ नका. शेरा वगळलेला नवा दाखला टंकून तयार आहे. कारकूनभाऊ तो घेऊन पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यावर फक्त आपली सही हवी आहे.

प्राचार्य सर, आपला वेळ घेतला. काकू, तुम्हाला आजच्या दिवशी हे ऐकावं लागलं. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. समारोपाला ‘काही चुकलं असल्यास क्षमा असावी’ असं म्हणतात. ते वाक्य मला आज म्हणवत नाही. कोण चुकलं आणि क्षमा कुणी करायची, दोन्ही त्यात सुटतं. मामा, मी चुकले. ताई, तुमचा हात माझ्यामुळे भाजला. क्षमा करायची की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

साहेब, पेन मी तुमच्यासमोर ठेवते आहे.