मदतीला निघालेली फौज

भाड्याची खोली मिळवायला कुणी इतिहासाची परीक्षा दिलीय का? मी दिलीय. दूर दक्षिणेत, गिंडीत नवी नोकरी लागली होती आणि जवळच मैलापुरात खोली हवी होती. घरमालक रावमामा, तंजावरचे मराठी. घराण्याची चौकशी केल्याशिवाय किल्ली देत नसत. मी छाती फुगवून म्हणालो, "आमचं गाव म्हणजे स्वतंत्र संस्थान होतं, मामा! भारतात विलीन होईपर्यंत स्वतःचा राजा, स्वतःची तोफ."

"ते संस्थान झालं कसं?"

"मूळ पुरुष फौज घेऊन तंजावरच्या मदतीला निघाले होते. वाटेत एक नदीकाठ आवडला, तिथंच राहिले."

मामा एकदम उठून उभे राहिले. म्हटलं, गेली खोली! तेवढ्यात त्यांनी मामींना हाक मारली, "अगं, वरची खोली उघड. आपल्या मदतीला निघालेली फौज आत्ता पोचली!"