झुलालमामाची सावली

मोहिनी : हो मामा, मीच काढलं तुम्हाला ग्रुपमधून. चुकून नाही, चांगलं बघून काढलं.

झुलालमामा : सख्ख्या मामाले? बठ्ठा गावले दिखनं वं ते, ‘मोहिनीने झुलाल यांना काढून टाकले’! तो शेजारना बन्सीलाल सकायपाईन दोनदा हाशी गया.

मोहिनी : हसू दे. आभाळाचा ग्रुप आहे तो. पोरांनी तारे बघावेत, ढग बघावेत, प्रश्न विचारावेत म्हणून सुरू केलाय मी. तुम्ही रोज सकाळी त्यावर गुलाबाची फुलं टाकता, मी कधी बोलले? मुतखड्यावरचे उपाय टाकलेत, तेव्हाही गप्प बसले. पण काल काय टाकलंत?

झुलालमामा : काय टाकं?

मोहिनी : ‘उद्या दुपारी सावली नाहीशी होणार. ज्याला आपली सावली दिसणार नाही त्याचं आयुष्य सरलं. दाराबाहेर पडू नका.’ हे टाकलंत!

झुलालमामा : ते मी वाचं नही वं. वरे देवना फोटू व्हता. देवना फोटू कसा अडकाडी ठेवू? दिना धाडी.

मोहिनी : पण गावाने वाचलं ना! महिनाभर घसा कोरडा करून सांगतेय, सूर्य बरोब्बर डोक्यावर येणार, अंगणात काठी उभी करा, सावलीचं काय होतं ते बघा, फोटो टाका. आमच्या भुसावळला होऊन गेलं, आज तुमच्या शिरपूरकडे. गल्लीतली पोरं काठ्या शोधून बसली होती. आणि आता? ‘ताई, आई सोडत नाही.’ ‘ताई, आजीने कडी लावली.’ पुन्हा योग जुलैत, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणजे हे वर्ष गेलंच!

झुलालमामा : मंग आते मी काय करू?

मोहिनी : अंगणात उभे राहा. गल्लीला दिसू दे, झुलालमामा भर उन्हात उभे आहेत आणि धडधाकट आहेत. वीस मिनिटं उरलीत.

झुलालमामा : आज मना गुडघा दुखी ऱ्हायना.

मोहिनी : मामा...

झुलालमामा : आनि ऊन काय शे बाहेर!

मोहिनी : मामा, तुम्ही तो मेसेज वाचला नव्हता ना?

झुलालमामा : धाडावर मंग वाचा मी.

मोहिनी : अरे देवा.

झुलालमामा : तुले काय! सत्तरी उलटनी मनी.

मोहिनी : मी परवा स्वतः उभी राहिले. मेले का? भांडतेय ना तुमच्याशी?

झुंबरबाई : आना तो फोन आठे. मोहिनी, मी तुनी मामी. सकायपाईन यास्नी वसरीबाहेर पाय ठेवा नही. म्हशीले पानी बी मीच दिनं. कोठे उभं राहनं, सांग माले.

मोहिनी : मामी, अंगणाच्या मधोमध. व्हिडिओ लावा.

झुलालमामा : ए! थांब! तू कोठे चालनी?

झुंबरबाई : तुमी बसा घरमा. मी जास.

मोहिनी : हां मामी, दिसताय. थोडं पुढे... हे काय? मामा, छत्री कशाला आणलीत? मिटा ती! छत्रीचीच सावली पडलीय सगळी!

झुलालमामा : नही मिटत. तिले काही व्हयनं तं?

मोहिनी : काही होत नाही हो! किती वेळा सांगू? दोनच मिनिटं राहिलीत!

झुंबरबाई : मिटा. नही तं मी छत्रीबाहेर जास.

(छत्री मिटल्याचा आवाज. फोन हलतो, पडद्यावर नुसतं आभाळ दिसतं.)

मोहिनी : मामा? आहात ना?

झुलालमामा : शे. पोरी, तिनी सावली दिखी नही ऱ्हायनी वं.

मोहिनी : आणि तुमची?

झुलालमामा : मनी मी देखीच नही. तिनीच देखी ऱ्हायनू.

मोहिनी : मामा, घाबरू नका. ती कुठे गेलेली नाही. ऊन सरळ वरून पडतंय ना, म्हणून ती पायाखाली गोळा झालीय. मामीला म्हणा, एक पाय वर उचल. तुम्ही हात धरा त्यांचा.

झुलालमामा : पाय उचल वं. मी धरेल शे.

झुंबरबाई : उचला मी पाय. दिखनी का?

झुलालमामा : शे! मोहिनी, शे वं! पायखाले शे!

मोहिनी : मग! तेच तर महिनाभर ओरडतेय मी.

झुंबरबाई : बन्सीलालनी सून दारमा उनी. पोरे मांगे उभा शेतस.

मोहिनी : बोलवा त्यांना, लवकर! काठ्या आणा म्हणावं. मामा, घेते हो तुम्हाला ग्रुपमध्ये परत, पण यापुढे वाचल्याशिवाय...

झुलालमामा : ते मांगून सांग. ए, तू पाय आतेच खाले ठेवू नको. आखो एकडाव देखू दे.