नानांना कोणाकडे न्यायचं

पुण्याचा मुलगा मला नेहमी विचारतो, "दोंडाईच्यात तुम्हाला मिळतं तरी काय?" मी सांगतो, माणसं मिळतात. किती मिळतात, ते ऐका.

शेजारच्या नानांच्या छातीत सकाळी कळ आली, तर पाच मिनिटांत अंगणात वीस माणसं आणि दोन गाड्या हजर. गावात हृदयाचा डॉक्टर नाही, म्हणजे धुळ्याला न्यायचं हे उघड होतं. धुळ्यात कोणाकडे, एवढंच ठरेना.

एक जण म्हणाला, "माझा साडू तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे, लगेच नंबर लागेल."

दुसरा म्हणाला, "त्याच दवाखान्यात आमचे काका गेले."

"काका ब्याण्णव वर्षांचे होते."

"म्हणून काय झालं? पायांनी चालत गेले होते."

मीही गप्प बसलो नाही. माझ्या ओळखीचा डॉक्टर सुचवला आणि तो किती सज्जन आहे, हे सविस्तर सांगितलं. नाना गाडीत शर्टाची बटणं सोडून बसले होते. शेवटी त्यांच्या बायकोने, अक्कांनी हात जोडले. "भाऊ, कोठेबी न्या, पन आते निंघा."

धुळ्याच्या डॉक्टरांनी नानांना तपासलं आणि विचारलं, "अर्धा तास आधी का नाही आणलं?"

नानांचा देह घेऊन परतलो, तेव्हा दारात तिरडी बांधून तयार होती. पाणी तापत होतं. पाहुण्यांना फोन गेले होते. यातलं काहीही करताना कोणी कोणाचा सल्ला घेतला नव्हता.