बाबांचा डावा हेडफोन

हेडफोनच्या साउंडवरून भांडताय म्हणून आठवलं. आमच्या बाबांना गाणं ऐकायचा भारी नाद, म्हणून मी त्यांना चांगले हेडफोन आणलेले. त्यांनी ते लावले, डोळे मिटले आणि जरा वेळाने म्हणाले, "अरे, डावी बाजू मार खातेय. तबला पार शेजारच्या घरातून ऐकू येतोय."

मी लावून बघितले तर दोन्हीकडे एकदम क्लिअर. तरी दुकानात जाऊन बदलून आणले. पुन्हा तेच! मग कॉम्प्युटरची सगळी सेटिंग्ज तपासली, फोनला जोडून पाहिले. बाबांचं एकच, "डावीकडे कमीच आहे."

शेवटी मी हेडफोन उलटे करून त्यांच्या कानांवर ठेवले. उजवा डाव्या कानाला. "आता?"

"डावीकडेच कमी," बाबा म्हणाले. मग स्वतःच दोनतीनदा फिरवून ऐकलं. "हेडफोन चांगलेच आहेत रे," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आई, बाबा आणि मी वर्तकनगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलेलो. सुदैवाने नुसता मळ होता, घट्ट बसलेला. तो काढला. परत येताना रिक्षात आई त्यांच्या डाव्या बाजूला बसलेली. तिने विचारलं, "येतंय का नीट ऐकू?"

"अगदी स्पष्ट," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, तू हल्ली फार कमी बोलतेस."

आई म्हणाली, "आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रुसलाय."