दसऱ्याच्या दिवशी लोखंडात

नाई, यंत्राची पूजा करा ना बाप्पा, मी कुठी नाई म्हनतो? हार घाला, नारय फोडा, पन आधी आत कोनी मानूस-गिनूस आहे का, थे तर पाहान! तुमाले सांगतो, एकसष्टचा दसरा, अकोल्यातला आमचा कापसाच्या गठानी दाबाचा प्रेस, पूजा लोखंडाची... अन् आत कोन? मी! सूर्यभान!

आता मी लोखंडात गेलो काहून? तर बुधाजीपायी. बुधाजी माहा जोडीदार, दोघं मिळून रुईच्या गठानी वाहाचो. एक दिवस गठान सुटली, त्याच्या पायावर आली, पाय मोडला. तीन महिने खाटेवर! थे आयकून माही बायको कौशल्या जे उठली थे धामनगावले माहेरी जाऊन बसली. "प्रेस सोडा, मंगच येईन." कसा सोडू? काय दिवस होते हो थे! कापसाच्या गाड्यायची रांग पार स्टेशनापर्यंत, भोंगा झाला का सारं गाव घड्याळ लावे, मिशीवर रुई बसून वीस वर्साचे पोट्टे म्हातारे दिसत, अन् एकमेकाले पाहून आमी हसू हसू लोयत पडो. असा प्रेस सोडून कोनी जाते?

तं आमचा मोतीराम मिस्त्री म्हने, "थांब सूर्यभान. तुले लोखंडाचा असा सांगाडा करून देतो का गठान पडली तरी लोखंडावर पडन, तुह्यावर नाई." अन् केला ना पठ्ठ्यानं! छातीले जाड पत्रा, हातापायाले पट्ट्या, जागोजागी दातेरी चाकं, अन् पाठीमागून पट्टा थेट इंजिनाले. इंजिन फिरलं का माहे हात आपोआप वर! दोघायची गठान मी एकटा उचलो! पाहून बुधाजी कुबडीवर उभ्या उभ्या रडला. म्या लगेच कौशल्याले कार्ड टाकलं, "आता भेव नाई. दसऱ्याले सकायच्या गाडीनं न्याले येतो." तिचं उत्तर, "या. नाई आले तर मी काय समजाचं थे समजीन." आता काय समजीन? लिहिलंच नाई! चार दिवस झोप नाई मले.

दसरा उजाडला. मालक बापूसाहेब म्हनतात, "मोतीराम, रिकामा सांगाडा काय पुजायचा? सूर्यभानला आत उभा करा, शोभा येईल." शोभा! दहा मिनिटाचं काम म्हनून गेलो आत, नवं धोतर, खिशात गाडीचं तिकीट. मोतीरामनं पाठीमागून बोल्ट कसले अन् पाना नेऊन ठेवला पाटावर, बाकी हत्यारायसंग. हरिहर भटजीनं इंजिनाले कुंकू लावलं, पान्याले लावलं, माह्या छातीवर सातिया, म्हंजे स्वस्तिक, काढला, पायाखाली लिंबू ठेवलं, नारय फोडलं, अन् मोठ्यानं म्हनले, "झालं. आता उद्या सकाळपर्यंत कोणी हत्याराला हात लावायचा नाही."

आँ? अन् आत कोन? मी!

"मोतीराम, पाना घे ना रे!" "पूजेतला पाना? हात झडन माहा!" "भटजी, गाडीची येळ झाली हो!" "शास्त्र गाडीची वेळ पाहत नाही, सूर्यभान." अन् बापूसाहेब? थे सोनं वाटून राहिले! लोकं येत, माह्या चाकाच्या दातात आपट्याचं पान खुपसत, नमस्कार करत, जात. एका म्हातारीनं तं नातवाचं डोकं माह्या पायावर टेकवलं, "बुद्धी दे रे देवा याले." माय, मले बुद्धी असती तं मी अथी असतो काय? तितक्यात दूर शिट्टी झाली... गेली गाडी! रडू आलं हो मले. खरंच आलं. अन् डोये पुसाले हात नाई! बुधाजीनं पुसले, आपल्या दुपट्ट्यानं.

दिवस कलला अन् फाटकात कौशल्या! गाडीतून मी उतरलो नाई म्हनून उलट्या गाडीनं एकटी आली होती. "मले वाटलं, गेले तुमी," म्हने, अन् लोखंडालेच मिठी मारून हमसून हमसून रडली. मंग डोये पुसून पाहिलं... कुंकू, हार, लिंबू. सरळ पाटाकडं गेली, फुलं बाजूले सारली, पाना उचलला!

"अहो बाई, पूजा मोडेल!" भटजी ओरडले. "मोडू द्या. नवरा माहा आहे, प्रेसचा नाई!"

एक एक बोल्ट खोलत गेली. मानेपाशी आली अन् थांबली. "आता बोला. प्रेस सोडता, का राहू देऊ हा एक तसाच?"

म्या मोतीरामकडं पाहिलं, थो खाली पाहे. बुधाजीकडं पाहिलं. थो म्हने, "सोड बावा. मी काही तुह्यासाठी कुबडी पाहून ठेवली नाई."

आत कोन होतं? मीच ना! म्हनलं, सोडतो, माये, सोडतो!

तवापासून धामनगावात, सासऱ्याच्या किराना दुकानात, गादीवर. सांगाडा मानसाले वाचवाले केला होता, वाचवलं बाप्पा! मोतीराम गेला, बुधाजी गेला, भोंगाही बंद झाला. पन अजून रस्त्यानं कापसाची गाडी चालली का मी उठून उभा होतो, हात आपोआप वर जातेत... अन् आतून कौशल्याचा आवाज येते, "बसा खाली, कंबर दुखन!"

बसतो.