एकाच आकड्याचा पाडा

(जव्हार तालुक्यातल्या वावर गावाच्या अलीकडचा पाडा, रुपीची ओटी. तिची भाची भारती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आहे, ती आज आली आहे. शेजारचा भावेश ठाण्याला गवंडीकामाला जाऊन-येऊन असतो. चहा कुणी विचारलेला नाही.)

भारती : आत्या, अशी तोंड फिरवून बसणार का?

रुपी : मग काय आरती ओवाळू? भावेश, सांग तिला, जव्हारच्या हॉलात काय झाला तं.

भावेश : मला शाल घातली, नारळ दिला. ‘पाड्याचा व्यवहार मोबाइलवर आणणारा माणूस’ म्हणे. मी बोललो, चलो, आपली पण इज्जत. मग पडद्यावर फोटो, आमचे सगळ्यांचे मोबाइल टेकडीच्या कातळावर मांडलेले. आणि खाली हा एवढा मोठा आकडा. अख्ख्या पाड्याचा पिन!

भारती : आमच्या संस्थेच्या सरांनी तो दाखवायला नको होता. मी फक्त अहवालात...

रुपी : तू लिवलासच कशाला?

भारती : आत्या, जव्हार-मोखाडा सगळा फिरले मी. नवरा बायकोपासून पिन लपवतो. आपल्याकडे सगळ्यांनी एकच ठेवला, का तर रेंजसाठी जो टेकडी चढेल त्यानं सगळ्यांची कामं करावीत. असा विश्वास कुठे नाही, हेच मला लिहायचं होतं.

भावेश : हसले लोक, मालूम? तुझा सर पण. ‘सुरक्षेबाबत अडाणी’ म्हणाला. आणि मी तिथं शाल पांघरून बसलेलो, येड्यासारखा.

रुपी : आकडा कशाचा, ता सांगितलास तुज्या सराला?

भारती : नाही.

रुपी : का? तुला ठावा नव्हता?

भारती : ठाऊक होता. कुपोषणानं पोरं गेली ते साल. सांगवलं नाही गं.

रुपी : माजी चैती गेली ता साल! भागीची दोनी गेली. लिवता-वाचता येवो न येवो, त्यो आकडा पाड्यात कोन इसरनार नाय, म्हनून ठेवला. तवाबी गाड्या आल्या. पोरांची वजना केली, फोटू काढला, गेली. ती परकी व्हती. तू आमच्या चुलीवरची भाकर खाल्लीस!

भारती : चुकलं माझं. ते पान काढायला लावते मी सरांना.

रुपी : पान काढशील. लोकं हसली ता कसा काढशील?

भावेश : सगळ्यांनी पिन बदलला आता. ज्याचा त्याचा, अलग. मी पण कोणाचा मोबाइल नेत नाय. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात.

भारती : आणि धोंडी आजी? तिचे गुडघे...

रुपी : निराधारचा पगार आला का बघाया सकाळीच चढली. बसत, रांगत. आजून उतरली नाय.

भारती : मी जाते, आणते तिला. तुझाही मोबाइल दे आत्या, काय बघायचं असेल ते बघते. नवीन पिन काय ठेवलास?

रुपी : धोंडीला हाताला धरून आन, कातळ घसरतो. माजी मी जाईन.