एकेचाळीस वाटा

लेक : बाबा, मी सांगितलं काय आणि तुम्ही केलंत काय?

बाबा : ब्लॉगवर एका लेखातून दुसऱ्यात जायला वाट ठेवा म्हणालीस. ठेवली.

लेक : अहो, पण 'सुई मोडते' मधून 'सुई कशी बसवावी' मध्ये! इथे 'दोरा तुटतो' वर बोट ठेवलं की आई. 'पट्टा घसरतो', तिथूनही आई. एकेचाळीस लेख आणि सगळ्या वाटा आईवरच्या लेखात!

बाबा : बरोबर आहे मग.

लेक : कसलं बरोबर? ज्याचं शिलाई मशीन अडलंय, त्याला आपल्या आईचं काय?

बाबा : गुडघेदुखीचा लेख काढून टाकलास, मी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या मांजराचा काढलास, तेही गोड मानून घेतलं.

लेक : कारण ब्लॉग मशीन दुरुस्तीचा आहे. एक ना धड भाराभर चिंध्या असल्या की कुणी थांबत नाही. दुकान बंद केलंत तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, हातातली विद्या वाया जायला नको?

बाबा : म्हणालो. पण हा लेख निघायचा नाही. वाचलास तरी का तू?

लेक : शीर्षक वाचलं.

बाबा : शीर्षकाचं विचारलं नाही मी.

लेक : नाही वाचवत मला. झालं समाधान?

बाबा : न मापता कापड कापलं असतंस, तर तिनं कान पिळला असता. ये, बस. चार ओळी मोठ्यानं वाच. माझा चष्मा सापडत नाहीये.

लेक : डोळ्यांवर आहे तुमच्या.

बाबा : असू दे. वाच.

लेक : "दुकानात मशीन आलं की मी पेचकस शोधायचो. ती म्हणायची, आधी चालवा, मला ऐकू द्या. मग हातातली शिवण न थांबवता, पाठमोरीच सांगायची. टकटक आली तर सुई वाकडी. खरखर आली तर तेल नाही..." बाबा, हे तर सगळे बिघाडच आहेत!

बाबा : लोक म्हणायचे, मिस्त्रीचा हात चांगला. हात कसला, तिचा कान!

लेक : थांबा, थांबा. लोकांना बिघाडाचं नाव कुठे माहीत असतं? त्यांना नुसता आवाज ऐकू येतो. म्हणजे त्यांनी आधी इथेच यायला हवं, आणि प्रत्येक आवाजापासून त्या त्या लेखाकडे वाट हवी. तुम्ही इकडे यायच्या वाटा केल्यात, इथून जायच्या केल्याच नाहीत.

बाबा : ते तुझं काम. मला एवढंच ठाऊक, काही अडलं की मी तिच्याकडे जायचो.

लेक : आणि हे काय? "टाका सुटत असेल तर..." पुढे कोरंच आहे.

बाबा : आठवत नाही गं. दीड वर्ष झालं तिला जाऊन, रोज आठवून बघतो. तू तिच्या पायांशी, मशीनखाली खेळायचीस. वाटलं, तुझ्या लक्षात असेल.

लेक : मग विचारायचं ना सरळ!

बाबा : तिचं नाव काढलं की उठून जातेस. म्हणून वाटा केल्या. म्हटलं, एकीतून तरी येशील.

(लेक खुर्ची बाबांजवळ ओढून घेते.)

लेक : लिहा. टाका सुटत असेल तर खट्... मग काहीच नाही... मग खट् खट्. आई म्हणायची, मशीनला उचकी लागलीय.

बाबा : उचकी! उचकीच म्हणायची ती. सावकाश सांग, पोरी. आणखी काय म्हणायची?